नव्या चाकांच्या तारा

काल साताऱ्यात सायकलच्या दुकानासमोरून जाताना पंक्चरच्या सोल्युशनचा वास नाकात शिरला आणि मी एकदम महायुद्धाच्या दिवसांतल्या सांगलीत जाऊन उभा राहिलो. माझ्या स्वस्तातल्या सायकलची चाकं चालवताना डुगडुगायची. नवा माल मिळत नव्हता, तरी गल्लीतल्या सायकलवाल्यानं कुठूनशा दणकट विलायती रिमा पैदा केल्या, नव्या तारा ओवून चाकं बसवून दिली आणि बजावलं, "आठवडाभर डबलशीट घेऊ नगंस गड्या. तारा जरा बसू देत, मग परत आवळून देतो." त्याच संध्याकाळी, पलटणीतून रजेवर आलेल्या थोरल्या भावाला मी दांडीवर बसवलं. नदीकडच्या उतारावर पुढचं चाक पापडासारखं वळलं आणि भावाचा हात मोडला. वडील हळदीच्या पेठेतून तडक सायकलवाल्याकडे गेले, मागोमाग सगळी गल्ली. "भंगार माल खपवतोस व्हय रं?" कुणीतरी त्याचा पंप गटारात फेकला. तो मागं सरला नाही. "आवं, तुमच्या पोरालाच इचारा की. मी बजावलं हुतं का न्हाई, सांग रं." सगळे माझ्याकडे वळले. वडिलांचा श्वास मला ऐकू येत होता. "न्हाई," मी म्हणालो. महिन्याभरात त्यानं दुकान उचललं. कुठं गेला, कुणी विचारलं नाही. भाऊ जन्मभर त्याला शिव्या देत राहिला आणि मी ऐकत राहिलो. आता वडील नाहीत, भाऊ नाही, तोही नसेल. पण त्याची मुलं-नातवंडं कुठं असतील, तर त्यांनी एवढं वाचावं: तुमच्या माणसानं मला बजावलं होतं.