बाद पुस्तकांची यादी

आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात कार्डांचे कप्पे जाऊन संगणक आला, तेव्हा सगळ्यात आधी तो शिकले ती मी. मनीषनगरहून उन्हातान्हात स्कूटी हाणत येऊन शिकले. मग इतरांच्या मागे लागून त्यांनाही शिकवलं. त्यातले दोघे तर आजही माझ्यावर रुसून आहेत.

म्हणूनच नव्या ग्रंथपाल साहेबांनी मला ‘बदल समिती’त घेतलं. सदर भागातल्या एका हॉटेलात दोन दिवस प्रशिक्षण झालं. पडद्यावर जुन्याकडून नव्याकडे जाणारे बाण सरकले, आम्ही रंगीत चिठ्ठ्यांवर आपापली भीती लिहून भिंतीला चिकटवली. जेवण मात्र झकास होतं. परतल्यावर पहिलं काम निघालं ते जागा मोकळी करण्याचं. दहा वर्षांत ज्याची एकदाही नोंद नाही, ते पुस्तक बाद, थेट रद्दीत. संगणकाने यादी काढून दिली. तिच्यावर सही माझी हवी होती, कारण देवघेव विभाग माझ्याकडे.

सही करणारच होते मी, लपवून काय उपयोग? यादी घेऊन बाइंडिंगच्या खोलीत गेले ते एवढंच सांगायला, की यातलं काही दुरुस्तीला आलं असेल तर आता शिवत बसू नका. आमचे बाइंडर उमरेडच्या विणकर घरातले. माग बंद पडले तसे धाग्यासकट आमच्याकडे आले, असं मी त्यांना चिडवायचे. त्यांनी यादी सावकाश वाचली आणि टेबलावरचं एक फाटकं पुस्तक माझ्यापुढे सरकवलं.

“मॅडम, हे तं मी तीन खेपा शिवलं,” ते म्हणाले. “कोनी वाचूनच नाही राहिलं, तं फाटून काहून राहिलं?”

उत्तर मला माहीत होतं. वाचनकक्षात बसून वाचायचं असेल, तर मुलं ओळखपत्र काउंटरवर ठेवतात, पुस्तक टेबलावर नेतात आणि परत देताना ओळखपत्र उचलतात. संगणकात काही चढतच नाही. ही पद्धत माझीच. रांग लांबते म्हणून मीच सुरू केली आणि वर शाबासकीही घेतली. एकच प्रत असलेली जाडजूड पुस्तकं घरी न्यायला मिळत नाहीत, म्हणून मौद्याहून बसने येणाऱ्या मुली दिवसभर बसून ती वाचतात. यादीत नेमकी तीच होती. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा स्वतःचा राग जास्त आला.

समितीच्या बैठकीत मी दुरुस्तीला आलेली पुस्तकं ट्रॉलीवर घालून नेली. चूक माझी आहे, यादी खोटी आहे, एक सत्रभर टेबलावरच्या पुस्तकांचीही नोंद घेऊ आणि मग ठरवू, असं सांगितलं. साहेब म्हणाले, वेळापत्रक वर गेलंय, आता मागे फिरता येणार नाही. शिवाय तुमची बढती याच वर्षी आहे, हेही त्यांनी सांगितलं, अगदी मायेने.

“सही केली नाहीत, तर बदलाला विरोध केला असं लिहावं लागेल मला.”

“लिहा,” मी म्हटलं. “मी सही करणार नाही.”

माझ्या सहीशिवाय यादी पुढे सरकेना, नियमच तसा होता. सत्रभर टेबलावर राहिलेलं प्रत्येक पुस्तक कपाटात जाण्याआधी आम्ही स्कॅन केलं. तोही बदलच होता, फक्त त्याला कोणी बाण काढले नव्हते. नव्या यादीतून ती सगळी जाडजूड पुस्तकं गळली. जी खरोखरच कोणी उघडली नव्हती, ती मी स्वतः बाद केली.

बढती दुसऱ्याला मिळाली, मीच संगणक शिकवलेल्याला. वाईट वाटलं, खूप वाटलं. वार्षिक कामगिरी अहवालात माझ्या नावापुढे शेरा आला, ‘बदलास विरोध करतात.’ मान्य नसेल तर आपलं म्हणणं लेखी द्या, असं कार्यालयातल्या बाईंनी हळू आवाजात सुचवलं. मी त्यांच्याकडून पेन घेतलं आणि शेऱ्याखाली तिथल्या तिथे सही केली.