गोदावरीच्या तळातली काहील

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे सगळा नायगाव तालुका जाणतो.

आमच्या गावाखाली गोदावरीत निजामाची तोफेची नाव बुडालीय, तिच्या तोफेत एवढाले मासे राहतात की कोळी जाळं ठेवून दावं घेऊन जातात — ऐकलं असेल तुम्ही. ती नाव मीच बुडवली. पारावर, चहा पिता पिता. पण गोष्टीला पाय फुटतात ना? ह्या उन्हाळ्यात, पाण्याखालच्या जुन्या नावा ओळखणारं पथकच गावात येऊन धडकलं.

मला मजाच वाटली. पाण्यात आवाज सोडायचा, तो तळाला आपटून परत आला की पडद्यावर चित्र! मी रोज त्यांच्या तराफ्यावर. पथकाच्या ताईंना विचारून विचारून भंडावलं. एवढ्या गढूळ पाण्यात दिसतं कसं? दिसत नाही, म्हणाल्या, हातानं चाचपायचं. मग नाव कुठली ते कळतं कशावरून? पत्र्यावरून, पत्रे जोडणाऱ्या रिबिटांवरून. आणि सगळ्यात जास्त दुरुस्तीवरून — ती ज्या त्या कारागिराची वेगळी असते.

मग पडद्यावर एक गोल उमटला. नाव कधी गोल असते का हो? मला तेव्हाच कळलं.

वर काढली. काहील निघाली — उसाचा रस आटवायची भलीमोठी कढई, माझ्या मामाच्या गुऱ्हाळातली. आमच्याकडं काहिलीत बसून नदी ओलांडायची रीतच होती. मिसरूड फुटायच्या वयात मी ती न विचारता पलीकडच्या जत्रेला नेली. नदी संथ, आणि काठावर बघायला पोरी. मधोमध उभा राहून फेटा उडवायला गेलो — काहील कलली. मी पोहून घरी.

एवढंच असतं तर हसत हसत सांगितलं असतं. पण मामा शोधायला लागला तेव्हा — तेव्हा मी काय केलं? गोष्ट रचली. मारुती लोहारानं काहील वितळवून विळे केले म्हणालो. त्याच्या विळ्याला मुंग्या लागतात, असंही जोडलं. गाव आधी हसलं. मग हसता हसता खरं मानलं. त्याच्याकडं कामं जाईनात, पोरं त्याला काहीलगिळ्या म्हणायला लागली, आणि एक दिवस तो भाता उचलून मुदखेडला गेला. माझी पहिली गाजलेली गोष्ट ती.

काहील निघाल्याचं ऐकून मारुतीतात्या जीपनं आला. पार वाकलेला. ताई बुडाच्या ठिगळावर बोट ठेवून विचारत होत्या, हे काम कुणाचं? ठिगळ अर्ध्या चंद्रासारखं. तात्यानं त्यावर तळवा ठेवला.

"माझं हाय."

मग बुडवली कुणी, ताईंनी विचारलं.

"मला काय म्हाईत, बाई? माझ्यावर तर गिळल्याचा आळ व्हता." तो माझ्याकडं वळला. "तू सांग की रे. तुला तर गावातल्या समद्या गोष्टी येत्यात."

सगळा घाट माझ्या तोंडाकडं बघत होता. आयुष्यभर मला हेच हवं होतं, नाही का? आणि मी —

"पुरानं नेली असंल, तात्या."

त्यानं ठिगळावरचा हात काढला, धोतराला पुसला. "असंल," म्हणाला, आणि जीपकडं चालायला लागला.

काहील गेली त्या वर्षी पूर आलाच नव्हता. घाटावरच्या म्हाताऱ्यांत ते आम्हा दोघांनाच आठवत होतं.