कडूबाच्या ताटातली भाकर

कडूबा भलता संशयी माणूस. जन्म मेंढरांमागं गेला. मेंढक्यानं जरा डोळा लावला की एखादं कोकरू लांडग्याच्या तोंडी जातं, हे तो बापाकडून शिकला होता. पुढं शेंद्र्यात कंपन्या आल्या, चराऊ रानं गेली, मेंढरंही विकली. राहिला तो संशय, आणि तो मात्र चांगला धष्टपुष्ट होता.

यंदा त्याच्या रक्तात साखर निघाली आणि घरातलं ताटच फिरलं. सून प्रांजली आता आधी काकडी आणि मेथीची कोवळी पानं वाढायची, मग मोड आलेल्या मटकीची उसळ आणि उकडलेलं अंडं. ते संपल्याशिवाय भाकर नाही.

"मामा, आधी हे खाल्लं की पोट भरल्याचा सांगावा डोक्याला येळंवर पोचतो, आन् साखर बी एकदम उसळत नाय," ती सांगायची.

कडूबा मान हलवायचा आणि एक शब्द खरा मानायचा नाही. तीन-तीन भाकरी चुरून खाणारा गडी तो. आता एकीतच हात आखडायचा आणि वर दुपारपर्यंत भूकही लागायची नाही. त्याला याचाच जास्त संशय यायचा.

पोट भरायची युक्ती त्यानं उभ्या जन्मात पाहिली होती. बाजाराच्या दिवशी लबाड व्यापारी मेंढरांना मीठ लावलेला कोंडा चारतात, वर भरपूर पाणी पाजतात. पोटं टम्म दिसतात, भाव चढतो. तेव्हा आयतं पोट भरलेलं जनावर म्हणजे विकायला काढलेलं जनावर! रस्त्यालगतचा एकरभर तुकडा अजून कडूबाच्या नावावर होता. म्हाताऱ्याची भाकर तोडायची, जमिनीच्या कागदावर अंगठा घ्यायचा आणि पडेगावला लेकीच्या दारात नेऊन सोडायचं, असा बेत त्यानं सुनेच्या वतीनं स्वतःच रचला. रचताना त्याला रडूही आलं. या घरात आपण अजून माणूस आहोत की दावणीचं जनावर, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं. पण विचारायचं कुणाला? पोरगा अजिनाथ बायकोचीच री ओढणार.

म्हणून त्यानं पाळत ठेवली. एका सकाळी त्याच्यासमोर ताट ठेवून प्रांजलीनं टोपलीतल्या त्याच्या वाटच्या भाकरी उचलल्या आणि कंपनीत न्यायच्या आपल्या डब्यात घातल्या. ती वेणी घालायला आत गेली तसा कडूबानं डबा उघडला. चोर मुद्देमालासकट सापडला होता.

भाकरी होत्या, शेजारी ठेच्याचा गोळा होता. त्यानं खालचा कप्पा उघडला. तो कोरडा ठणठणीत. मटकी नाही, काकडी नाही. अंडं असण्याचा प्रश्नच नव्हता. घरात कोंबडी एकच, आणि तिचं अंडं त्याच्या ताटात होतं.

"मामा, काय धुंडाळता?" प्रांजली दारात उभी होती.

"माझ्या भाकरी," तो म्हणाला आणि रिकामा कप्पा पुढं केला. "तुझी मटकी कुठंय?"

"मला चालतंय असंच."

"आन् हे आधी उसळ, मंग भाकर, तुला शिकवलं कुणी?"

"दवाखान्यात. छोटी पोटात असताना मला बी साखर निघाली व्हती. पुढं जपून खा म्हणले. पर तवा तुमी कवतिकानं मला रोज गुळाचा शिरा खाया लावायचे. नको कसं म्हणू?"

कडूबाला लाज वाटली, चांगली अंगभर वाटली. त्यानं ताटातलं अंडं मधोमध तोडलं, अर्धं तिच्या डब्यात ठेवलं, उसळ निम्मी ओतली आणि एक भाकर काढून घेतली.

"उद्यापास्नं डबा माझ्यासमोर भरायचा," त्यानं दटावलं.

प्रांजलीचा चेहरा उतरला. "अजून बी भरवसा नाय व्हय माझ्यावर?"

"बिलकूल नाय," कडूबा म्हणाला. "सोता कोरडं खाऊन म्हाताऱ्याला चारणाऱ्या बाईवर कोण भरवसा ठेवील?"