जाऊबाईंचा हातगुण

अंड्यातून पिल्लू बाहेर यायचं की नाही हे आमच्या खालापूरच्या बाजूला दोघंच ठरवतात, एक देव आणि दुसऱ्या माझ्या थोरल्या जाऊबाई. त्यातल्या देवाचं चुकलेलं मी कितीदा तरी पाहिलंय. जाऊबाईंचं सहसा चुकत नाही. कोंबडी कुठलीही असो, महिना कुठलाही असो, त्यांनी टोपलीत तूस पसरून बारा अंडी मांडली की एकविसाव्या दिवशी बारा पिल्लं ओरडायला लागणारच. आमचं अंगण एकच. मध्ये कढीपत्त्याचं झाड, अलीकडे मी, पलीकडे त्या. गेली बावीस वर्षं ती चिवचिव मी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकते आहे, आणि खरं सांगायचं तर दर वेळी माझ्या पोटात दुखतं. तोंडावर मी त्यांना अहो-जाहो करते. मनातल्या मनात काय करते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

जाऊबाईंच्या कोंबड्यांना नावं नसतात, माहेरं असतात. ज्या गावाहून अंडं आलं त्या गावची ती. एक कडाववाली, एक चौकवाली, दोन वावोशीवाल्या, आणि एक कुंभिवलीवाली. ही शेवटची हायवेवरच्या ढाब्यामागे मिळालेल्या अंड्यातून निघाली म्हणून जरा आगाऊ आहे, असं त्यांचं मत. बसवायचं अंडं त्या उचलतात, मिटलेल्या पापणीला लावतात, जरा थांबतात आणि म्हणतात, "हाय." नाहीतर, "नाय." बस्स, झाली परीक्षा. मी मोबाईलचा टॉर्च लावून, पुठ्ठ्याची नळी करून, डोळे फाडून बघते आणि मला आत नुसता पिवळा उजेड दिसतो. एकदा त्यांनी 'नाय' म्हटलेलं अंडं मी मुद्दाम माझ्या कोंबडीखाली ठेवलं. तेविसाव्या दिवशी ते फुटलं आणि सगळं घर नाक धरून अंगणात आलं. "मी सांगितलेलं ना गं बारके," एवढंच म्हणाल्या, तेही हसून. हसल्या नसत्या तर मला कमी लागलं असतं.

त्यांची एखादी कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी घालायचं सोडून फुगून बसायला लागली, की अख्ख्या आळीला बाळंतिणीच्या घरासारखं वागावं लागतं. मिक्सर नाही, कुकरची शिट्टी नाही, भांडायचं असेल तर देवळाकडे जाऊन भांडा. गेल्या वर्षी आळीतून हळदीचा बेंजो वाजत निघाला होता. जाऊबाई सरळ रस्त्यात जाऊन उभ्या राहिल्या. "वाजवा रं, पन त्या पिंपळाच्या पल्याड जाऊन वाजवा. माजी पोर बसली हाय." नवरदेवाच्या मामाला वाटलं घरात कोणीतरी आजारी आहे. त्या बिचाऱ्याने हात जोडले आणि सगळी मंडळी चिडीचूप पुढे गेली. कोंबडा कापायचं तर नावच काढू नका. गटारीला परड्यात नऊ कोंबडे आरवत असतात आणि माझे थोरले दीर पिशवी घेऊन खालापूरला ब्रॉयलर आणायला निघतात. तोही मागच्या दाराने आत आणायचा, कारण कोंबड्यांना दिसता कामा नये.

खुडूक कोंबडी उसनी द्यायची रीत आमच्याकडे घरोघरी आहे. पाटीखाली झाकायची आणि घेऊन जायची, त्यात काय एवढं! जाऊबाई मात्र आधी घर बघायला जातात. टोपली कुठे ठेवणार, मांजर आहे का, घरातली म्हातारी तापट आहे का, सगळं विचारून घेतात. मग फडक्यात कणी बांधून कोंबडीची पाठवणी करतात आणि पाचव्या दिवशी "पोरीला बगून येते" म्हणून निघतात. एकदा चौकवाली तिकडे सुकलेली दिसली, तर अंड्यांसकट तिला एसटीत घालून परत आणली. वर कंडक्टरला दम दिला, "डायवरला सांगा, खड्डं बगून चालव. मांडीवर बाळंतीण हाय."

आणि माझं? माझ्या कोंबड्या दहाव्या दिवशी अंड्यांवरून उठतात आणि फिरायला जातात, त्याही जाऊबाईंच्याच अंगणात. एकदा त्यांच्या पिल्लांवर घार घिरट्या घालत होती आणि मी खिडकीत उभी होते. ओरडायला तोंड उघडलं आणि, काय सांगू, क्षणभर मिटलं. मग ओरडले, धावलेही. पण त्या एका क्षणाची मला अजून लाज वाटते.

शेवटी पुण्याच्या मुलाला सांगून मी अंडी उबवायचं मशीन मागवलं. आता म्हटलं, कुणाच्या हातगुणाची गरज नाही. जाऊबाई बघायला आल्या, त्यांनी मशीनला हळदकुंकू वाहिलं आणि विचारलं, "ही दानं खायाला कवा उठती?" मी म्हटलं, "उठत नाही जाऊबाई. लाईटवर चालतं." "येकवीस दिस? बसूनच? आगं बाय, बिचारी!" आणि त्या थर्माकोलच्या पेटीवरून त्यांनी हात फिरवला. मला मनातून फार बरं वाटलं.

मशीनमध्ये मी अकरा अंडी ठेवली होती, माझ्या ठिपकेवालीची. माझी आई खोपोलीहून शेवटची आली तेव्हा पिशवीत घालून ती कोंबडी घेऊन आली होती. पुढे आई गेली, आणि यंदा थंडीत मुंगसाने ठिपकेवालीही नेली. मागे राहिली ती ही अकरा. त्यांच्या अठराव्या दिवशी भर दुपारी गावातली डीपी धडाड करून जळली. वायरमन म्हणाला, चार दिवस तरी लाईट विसरा. मशीन गार पडायला लागलं. गरम पाण्याच्या बाटल्या ठेवल्या, शाल गुंडाळली, काही उपयोग होईना, तेव्हा मी भिंतीला टेकून रडले. गावात त्या वेळी एकच कोंबडी बसलेली होती, जाऊबाईंची कडाववाली. तीही त्यांच्या स्वतःच्या बारा अंड्यांवर, आणि त्यांचा सतरावा दिवस.

बावीस वर्षांत मी त्यांच्या दारात कधी मीठसुद्धा मागितलं नव्हतं. त्या दिवशी गेले. त्या तांदूळ निवडत होत्या. माझं अर्धं बोलणं ऐकलं आणि सूप खाली ठेवून माझ्याआधी माझ्या घरात पोचल्या. अकराही अंडी एकेक करून पापणीला लावली. "हाय... हाय... आगं, हाय गं, रडते कशाला?" मग ती पदरात घेऊन घरी गेल्या, कडाववालीखाली हात घातला, स्वतःची बारा बाहेर काढली आणि माझी अकरा सरकवली.

"आणि तुमची?" मी विचारलं.

"तिच्या येवड्याशा पोटाखाली तेवीस मावतील का? तुजी शेवटची हायत. माज्या कोंबड्या परत घालतील."

असं म्हणून त्यांनी काय केलं असेल? आपली बारा अंडी लुगड्याच्या ओच्यात घेतली, वरून गोधडी लपेटली आणि चुलीपाशी फतकल मारून बसल्या. मला वाटलं, थट्टा आहे, तासाभरात उठतील. उठल्या नाहीत. तीन दिवस आणि चौथ्याची दुपार त्या तिथेच होत्या. थोरल्या दिरांनी पिठलं शिजवलं, ते कच्चं होतं तरी जाऊबाईंनी मुकाट खाल्लं. नेरळला सख्ख्या भाचीचा साखरपुडा होता, तिकडे निरोप धाडला, "सांगा, मावशी खुडूक झाली." झोपल्या त्याही भिंतीला टेकून. नाइलाजाने उठावं लागलं तर गोधडीसकट ओचा दिरांच्या मांडीवर, आणि त्या येईपर्यंत दिरांनी हलायचंसुद्धा नाही. मी चहा घेऊन जायची, त्यांच्याकडे बघायची आणि मला आतून जळायला व्हायचं. हे मला का सुचलं नाही? आणि सुचलं असतं तरी मी बसले असते का? दुसऱ्याच्या अंड्यांसाठी माझी कोंबडी मी उठवली असती का? उत्तर मला ठाऊक होतं, म्हणून चहा ठेवून मी लगेच निघून यायची.

तिसऱ्या दिवशी माझी नऊ पिल्लं निघाली. दोन तर थेट ठिपकेवालीच्या अंगाची. मी दोनदा मोजली. जाऊबाईंनी पिल्लांबरोबर कडाववालीलाही माझ्याकडे धाडलं. चौथ्या दुपारी जाऊबाईंच्या ओच्यात चिवचिव झाली. त्यांची निघाली दोन. बाकीची दहा त्यांनी पुन्हा पुन्हा पापणीला लावून बघितली आणि परड्यात नेऊन पुरली. संध्याकाळी लाईट आली. बावीस वर्षांत पहिल्यांदाच माझी नऊ आणि त्यांची दोन! याच दिवसाची वाट बघत मी खिडकीत उभी राहिले होते, आणि आता मला नीट जेवण जाईना. चार पिल्लं टोपलीत घालून त्यांच्याकडे घेऊन गेले. त्यांनी टोपली परत माझ्या हातात दिली. "मला हायेत की दोन. आईपासून तोडू नको गं त्यांना."

जाऊबाईंच्या त्या दोघांनी निघताना कोंबडी पाहिलीच नाही. डोळे उघडले ते जाऊबाईंच्या मांडीवर, म्हणून आता त्या जातील तिथे ती मागे. नळावर मागे, रेशनच्या रांगेत मागे, आणि मोरीचं दार लावलं की बाहेर उभी राहून जीव जाईस्तोवर ओरडतात. माझी नऊ कडाववालीच्या मागे फिरतात. मी घातलेली कणी खातात, चोच पुसतात आणि चालती होतात. काल दुपारी अंगणात बसून मी तळव्यावर कणी घेतली आणि अगदी जाऊबाईंच्या आवाजात हाक मारून पाहिली. त्या दोघांतलं एक आलं. मान वाकडी करून त्याने माझ्याकडे नीट बघितलं, आणि धूम पळालं ते पलीकडच्या पायरीवर, मेथी निवडणाऱ्या जाऊबाईंच्या मांडीवर. माझे डोळे भरून आले. जाऊबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मेथीची जुडी उचलून पायरीवर शेजारी जागा केली. मी हातातली कणी तिथेच टाकली आणि जाऊन बसले.