कोरा नमुना

तो पाच लिटरचा पांढरा कॅन मी अजून विसरलेलो नाही. नोकरीत तलवारी जप्त केल्या, गावठी पिस्तुलं जप्त केली, पण माझी खोड मोडली ती या प्लॅस्टिकच्या कॅनने.

तेव्हा मी जुन्नर तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. एके सकाळी खोडदकडचा एक द्राक्षबागायतदार पानांची जुडी घेऊन टेबलासमोर उभा राहिला. द्राक्षाचं पान तळहातासारखं पसरतं. ही कोवळी पानं मिटलेल्या पंख्यासारखी आखडली होती. "साहेब, सगळी बाग गेली. कुणीतरी तणनाशक मारलंय," तो म्हणाला. मी स्वतः बाग पाहिली, पंचनामा केला, पानं सीलबंद केली आणि गुन्हा नोंदवला.

संशयित शोधावा लागलाच नाही. दुपारी ठाण्यात फोन आला. असे लोक नाव सांगत नसतात, यानेही सांगितलं नाही. "त्या टोळीवाल्या बाईला इचारा. काम सोडून गेली त्या दिशी तणनाशकाचा कॅन घिऊन बागंत फिरत व्हती. डोळ्यानं बघितलंय मी."

ही बाई शिनोलीच्या वरच्या डोंगरातली, पन्नाशीची. बारा-तेरा बायकांची टोळी घेऊन ती दरवर्षी द्राक्षाच्या कामाला खाली यायची. यंदा बागायतदार टोळीतल्या एकीला सगळ्यांदेखत वाटेल ते बोलला, तशी हिने भर कामातून टोळी उठवली आणि जाताना ओरडली, "एवढा माज असंल तर बाग वाळंल तुमची!" ऐकणारे भरपूर होते. आठवड्यात दोषारोपपत्र तयार होईल, अशी माझी खात्री झाली.

बाईचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यायचा, हा नियम. महिला शिपाई आणि दोन पंच घेऊन मी जीप तिच्या दारात लावली. कॅन ओसरीवर खुंटीला टांगलेला होता आणि तणनाशकाचं फाटकं लेबल अजून त्याच्यावर होतं.

"हा तणनाशकाचा ना?"

"व्हता. दोन वर्सं झाली, आता पान्याला हाय. कामावर बायांना ह्याच्यातूनच पाजते."

मी हसलो. पंचही हसले. बाई हसली नाही. तिने कॅन काढला आणि बूच उघडलं. "ह्याच्यात पानीच हाय. पिऊन दावू? कोंबाचा एकेक डोळा राखून ज्या येली मी छाटल्या, त्यांना इख घालीन व्हय?"

मी कॅन तिच्या हातातून काढून घेतला. "मुद्देमाल आहे." नाटकी बाई, असं मनात म्हटलं. सराईत माणूस असाच छाती ठोकून बोलतो, हा माझा अनुभव, आणि त्या अनुभवाचा मला फार गर्व होता.

आम्ही निघालो तेव्हा ती म्हणाली, "साहेब, तुमची जीप दारात लागली. आता इरळणीला आमाला कोन बोलावनार?" विरळणी म्हणजे घडातले जादा मणी काढणं. टोळीची वर्षाची मोठी कमाई त्या कामावर असते आणि ते तोंडावर आलं होतं. आठवड्यात तीन बागायतदारांनी तिला 'यंदा येऊ नका' असं कळवलं. महिला शिपायाने मला ते सांगितलं. मी कानाआड केलं.

पानं आणि कॅन पुण्याच्या प्रयोगशाळेत गेले. तिथल्या विश्लेषक मॅडमनी फोन केला, "कोरा नमुना कुठाय? ज्यात विष नाही अशी तुमची खात्री आहे, असं त्याच बागेतलं पाणी तुलनेला पाठवा." मी वैतागून हवालदाराला पाठवलं. वीज गेलेली, विहीर खोल. बागायतदार म्हणाला, "आमच्या फवारणीच्या टाकीत सोच्छ पानी हाय. घ्या की राव!" हवालदाराने तेच पाणी फवारणीच्या नळीतून बाटलीत घेतलं. आळस त्याने केला, पण पंचनाम्यात लपवला नाही. 'टाकीतील पाणी, नळीद्वारे' असं त्याने स्पष्ट लिहिलं.

काही दिवसांनी मॅडमचा पुन्हा फोन आला. "साहेब, बाटल्यांची लेबलं अदलाबदल झालीत का?"

मी तडक पुणे गाठलं. सील शाबूत होते. मग मॅडमनी मला यंत्र दाखवलं. नमुन्यावर प्रक्रिया करून त्याचा थेंबभर अंश सुईने आत सोडतात. त्याची वाफ होऊन ती केसासारख्या बारीक, लांबलचक नळीतून जाते. पोलीस भरतीच्या धावण्यासारखंच असतं ते. सगळे एकदम सुटतात, पण जो तो आपल्या वेळेला पोहोचतो आणि पडद्यावर त्याचं टोक उमटतं. वेळेवरून द्रव्य ओळखायचं. पानांच्या आलेखात तणनाशकाचं टोक होतं. कॅनच्या पाण्यात सपाट रेघ होती. आणि कोऱ्या नमुन्यात सगळ्यांत उंच टोक होतं.

"कोरा नमुना कोरा निघाला नाही, तर आम्ही आधी आपलीच भांडी तपासतो," मॅडम म्हणाल्या. "आमची तपासून झाली. आता बागायतदाराची तपासा."

परतताना जीप थेट बागेत नेली. "टाकी आणि नळी कुणाला दिली होती?"

बागायतदाराचा चेहरा उतरला. "मेव्हण्याला. उसातलं तण मारायला. पण आणल्यावर इसळली व्हती की!" रबरी नळीत मुरलेलं औषध विसळून जात नाही. पुढची फवारणी त्याने स्वतःच्या हाताने केली होती. तो बांधावर बसला. "म्हंजी मीच?"

"तुम्हीच," मी म्हणालो.

गुन्हा गैरसमजातून दाखल झाल्याचा अहवाल मी कोर्टात पाठवला. पण जीपने बाईचं जे नाव घालवलं होतं, ते कोर्टाच्या कागदाने परत येणार नव्हतं. मी तीच जीप पुन्हा तिच्या दारात लावली, बागायतदाराला पुढच्या सीटवर बसवून. त्याने टोळीतल्या बायकांसमोर हात जोडले. मीही जोडले. त्या तीन बागायतदारांना मी तिथूनच फोन लावले आणि तिघांनीही टोळीला बोलावलं.

मग तिला विचारलं, "कॅन धुतला होतात तरी कशाने?"

"राख कालवून रातभर भिजवायचा, सकाळी ऊन पान्यानं न् सोड्यानं घासायचा. चार दिस तेच. बायांच्या पोटात जायचं पानी, साहेब. न धुवून कसं चालंल?"

हे मी मॅडमना कळवलं. राखेच्या क्षाराने ते औषध निघतं, असं त्या म्हणाल्या, पण औषधाच्या कॅनमधून पाणी पुन्हा कुणाला पाजू देऊ नका, असंही त्यांनी बजावलं.

ज्यांच्यावर संशय आला त्यांना मी नोकरीभर उलटसुलट तपासलं. ज्यांच्यावर विश्वास होता ते सुटले, आणि त्यात सगळ्यांत पुढे मी स्वतः होतो. त्या दिवसानंतर माझ्या ठाण्यात फिर्यादीचं म्हणणं आधी तपासलं जाई, मग संशयिताचं दार वाजे. त्याने माझे तपास लांबले, पण एकही उलटला नाही.

विरळणी सुरू झाली तेव्हा मी बाजारातून पाण्याचा नवा कॅन घेऊन टोळी कामाला होती त्या बागेत गेलो. बाईने तो उलटसुलट पाहिला, बूच काढून वास घेतला आणि सरळ बांधावरच्या चहाच्या चुलीकडे जाऊन त्यात मूठभर राख टाकली.

"अहो, नवा कोरा आहे तो!"

"असंल की," ती म्हणाली. "पर पोलिसाच्या हातचा हाय. धुतलेला बरा."