फाटकाजवळची जंबेरी

नाटक कंपनी मोडल्यावर मी परतवाड्याला स्थिरावलो आणि दर पौषात शाळेच्या रानशिबिरात मुलांची नाटुकली बसवू लागलो. रसिकहो, कंपनीत राण्या पुष्कळ पाहिल्या. पण मनकर्णाबाई माळणीसारखी नायिका तिथेही भेटली नाही.

शिबिराची नाल्याकाठची दोन एकर जागा बाईच सांभाळी. तिथली जांभळं, बेहडे तिने मुलांच्या हातून लावून घेतले होते. शाळा सोडणारा मुलगा आपलं झाड धाकट्याला सोपवी. दोघांनी मिळून बुंध्याशी एक तांब्या पाणी ओतायचं, एवढाच विधी.

जागा थोरल्या पाटलांनी तोंडी दिलेली. ते वारले, आणि एकतीस साली त्यांचा मुलगा खुशालराव याने संत्र्याच्या बागेसाठी सगळी झाडं पाडली. बाई बुंध्यांना मिठी मारून रडली.

"कावून रडून राहिली वं?" तो हसून म्हणाला. "झाडंच तं हायेत. लाव दुसरीकडं."

बाई रडायची थांबली. ते थांबणं पाहून मला धडकी भरली.

आठवड्याने तिने हात जोडून पाटलाला संत्र्याची दोनशे रोपं भेट दिली, शेंदूरजनाघाटच्या भावाच्या वाडीतली. बेत मला ठाऊक होता. मी रोपांची अशी तारीफ केली की पाटील फुलून गेला.

जंबेरी नावाच्या आंबट लिंबाच्या रोपावर संत्र्याचा डोळा, म्हणजे कोंब, बांधला की संत्र्याचं कलम होतं. वाकून बुंधा पाहिला की जोड दिसतो. बाईची रोपं नुसती जंबेरीची होती. पाटील चिखलात वाकणारा नव्हता. त्याचे माळी वाकले, त्यांनी पाहिलं आणि गप्प राहिले. सगळे बाईचे सोयरे.

पाच वर्षं बाई भेटेल तिथे पाटलाला बागेची खुशाली विचारत राहिली. मग झाडं लगडली. व्यापारी जमले. पाटलाने ऐटीत फळ कापलं आणि पहिली फोड स्वतःच तोंडात घातली. त्या चेहऱ्यासाठी मी सगळी बिदागी ओवाळून टाकली असती.

तो तडक बाईच्या दारी आला. बाई फुलं निवडत होती.

"तुमी कधी वाकून पाह्यलं नाही, पाटील," ती म्हणाली. "पोरांची झाडं तोडताना नाही, अन् हे लावतानाही नाही."

दुसऱ्या वावरात संत्रा लावावा म्हणून तो वरुडापर्यंत हिंडला. एकाही माळ्याने कलम दिलं नाही. अखेर त्याने निरोप पाठवून बाईला काय हवं ते विचारलं, आणि नाल्याकाठची जागा शाळेच्या नावाने लिहून दिली.

त्या पौषात मुलं परतली. बाईने त्यांच्याच हातून जंबेरींवर संत्र्याचे डोळे बांधवले, मोकळ्या जागेत नवी जांभळं लावली. फाटकाजवळची एक जंबेरी मात्र तशीच ठेवली. शिबिराच्या शेवटच्या दिवशी जागेचा दाता म्हणून पाटलाला मानाने बोलावलं जाई, आणि त्या झाडाच्या रसाचा पहिला पेला, साखर न घालता, बाई त्याच्या हाती देई. पेला रिकामा होईपर्यंत ती समोरून हलत नसे.

थकल्यावर तिने ते झाड गोदा नावाच्या मुलीला सोपवलं. दोघींनी मिळून तांब्या ओतला.

"ह्याले डोळा बांधू नको," बाई म्हणाली. "पाटलाले नातू झाला हाये."