अक्का आणि भिजलेली पानं

फेब्रुवारीत बंगळूरचे रस्ते गुलाबी फुलांनी भरतात आणि अख्खं शहर मोबाईल वर करून झाडाखाली उभं राहतं. आमच्या अक्का त्याच झाडाखाली वाकलेल्या असायच्या. जमिनीवरचं वाळकं पान उचलायचं, बोटांत चुरायचं आणि फुलांकडे ढुंकूनही न बघता पुढे चालू लागायचं. "फुलांचं कौतुक करायला सगळे आहेत की," म्हणायच्या.

त्या मूळच्या बेळगावच्या. यशवंतपूरजवळच्या आमच्या प्रयोगशाळेत माती आणि पानांतली पोषकद्रव्यं मोजण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे त्यांना अक्काच म्हणत. मी पुण्याहून नवऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या नोकरीमागे इथे आलेली. त्यांच्या हाताखाली लागले ती मराठी बोलायला मिळेल या लोभाने. मराठी मिळाली, बोलणीही भरपूर खाल्ली. "पुण्याची माणसं बोलतात फार, चाळतात कमी," हे माती चाळत असताना पहिल्याच दिवशी मला ऐकवलं गेलं.

आनेकलच्या पुढे पानगळीचं जंगल आहे. तिथे धावडा आणि ऐन यांच्या झाडांखाली आम्ही जाळ्या बांधायचो, गळलेलं पान जमिनीला टेकण्याआधी हाती यावं म्हणून. पान गाळण्यापूर्वी झाड त्यातलं पोषण परत ओढून घेतं. हिरव्या पानात किती होतं आणि गळलेल्यात किती उरलं, यावरून ते समजतं. उतारावरच्या खडकाळ, निकस जमिनीतलं झाड ओढ्याकाठच्या झाडापेक्षा जास्त परत घेतं, असं अक्कांचं ठाम म्हणणं. आकडे मात्र एका वर्षी त्यांच्या बाजूने यायचे, दुसऱ्या वर्षी पाठ फिरवायचे. तरी परिषदांमध्ये त्या हट्टाने भांडायच्या. "गरिबाच्या ताटात काही उरतंय काय? झाडाचं वेगळं काय असणार?"

तपासून उरलेली पानं त्या कचऱ्यात टाकू देत नसत. पिशवीत भरून आनेकलच्या बसने न्यायची आणि ज्या झाडाची त्याच झाडाखाली ओतायची, हा नेम. कंडक्टरने पिशवीत काय आहे विचारलं, तर शांतपणे "जेवण" म्हणून सांगत. मी खिडकीबाहेर बघत बसे.

निवृत्तीच्या वर्षीचे आकडे आले आणि पेढे आणायचेच काय ते बाकी राहिले. उतारावरच्या पानांत फॉस्फरस इतका कमी, की अक्कांचं म्हणणं सिद्ध झालंच म्हणायचं. निरोपसमारंभाच्या भाषणासाठी मी हौसेने तक्ता तयार केला. अक्का मात्र पोटॅशियमच्या रकान्यावर अडल्या; पान भिजलं की सगळ्यात आधी तेच धुऊन जातं. "एवढं कमी? झाड एवढं कंजूष नसतंय. हे पाण्यानं धुतलंय."

पानगळीच्या ऐन भरात त्या भाच्याच्या लग्नाला खानापूरला गेल्या होत्या. ओढ्याकाठच्या जाळ्या आम्ही आधी रिकाम्या केल्या. उतारावरच्या लग्नाहून आल्यावर बघू, या दिवसांत कुठला पाऊस, असं त्यांनीच ठरवलं होतं. आता जंगलाच्या गार्डला फोन लावला. मधे एका संध्याकाळी सर येऊन गेली होती; जाळ्यांतल्या पानांतून पोटॅशियमबरोबर फॉस्फरसही धुऊन गेला होता. ओव्हनमध्ये वाळवल्यावर भिजलेलं पान आणि कोरडं पान सारखंच दिसतं. कुणाला कधी कळलंही नसतं.

"अक्का, शेवटचं वर्ष आहे तुमचं," मी म्हटलं. "पावसाची एक तळटीप घालूया."

"अख्खी सर तळटीपेत मावते काय?"

समारंभात त्यांनी तोच तक्ता पडद्यावर लावला. "चित्र छान आलंय," त्या म्हणाल्या. "पण हे झाडानं केलेलं नाही, पावसानं केलंय. चूक माझी आहे." आणि जाऊन बसल्या. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कुणाला कळेना. मला त्यांचा रागच आला.

त्या बेळगावला बहिणीकडे राहायला गेल्या. पुढच्या हंगामात मी उतारावरची एकही जाळी चुकू दिली नाही. भिजलेलं वर्ष वगळून आधीच्या वर्षांच्या आकड्यांसकट सगळं एकत्र मांडलं, तर उतार आणि ओढा यांत फरकच निघेना. कितीदा फोन उचलला आणि खाली ठेवला. शेवटी एकदा सांगून टाकलं.

"पाऊस?" त्यांनी विचारलं.

"नव्हता."

"ओव्हन?"

"तपासला. सगळं पुन्हा मोजलं, अक्का."

पलीकडे मिक्सर चालू होता. तो त्यांनी बंद करायला लावला.

"सरी," मग म्हणाल्या, कानडीतलं 'बरं'. "म्हणजे मीच चुकत होते. तसंच लिही. आणि तुझं नाव आधी घाल."

"वाईट वाटलं?"

"वाटलं की. आयुष्य गेलं त्यात." मग त्यांनी विचारलं, "उताराच्या जाळ्या कोण रिकाम्या करत होतं? तू एकटीच?"

मी हो म्हटलं.

"मग आकडा खरा आहे," अक्का म्हणाल्या. त्यांच्या तोंडून एवढं कौतुक मी पहिल्यांदाच ऐकलं.